सिस्टर, तो गुळाचा च्या

सिस्टर,

अण्णा जाऊन आज बावीस दिवस झाले. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. वाचाल तर ओळखाल.

घशाच्या कॅन्सरपायी आधी सात महिने मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात हेलपाटे घातले. तिथले डॉक्टर राउंडला येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि फाइलशी बोलायचे. एक दिवस म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनचं विचारलं तर "सवय लागेल." महिनाभराचे सोबती अण्णा, त्यांना कसली सवय लागणार होती? बरा न होणारा माणूस समोर असला की त्यांना हरल्यासारखं होत असेल, हे आता समजतं. राग मात्र जात नाही.

मॉर्फिनचा कायदा २०१४ सालीच सैल झालाय, हे मला तुमच्याकडून कळलं. परभणीला तुमच्या वॉर्डात नळीतून दर चार तासांनी औषध सुरू झालं आणि अण्णा कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

पण डोळ्यांपुढून हलत नाही तो च्या. पाच दिवस अण्णा घोटभर च्या मागत होते आणि आम्ही सगळे "ठसका लागंल" म्हणून गप्प करत होतो. त्या रात्री तुम्ही स्टूल ओढून बसलात. "काका, गुळाचा का साखरेचा?"

"गुळाचा, माय. कोरा."

मी खालच्या गाड्यावरून कोरा च्या आणला. शेजारच्या मावशींच्या फडक्यातून गुळाचा खडा निघाला. तुम्ही गॉजची पट्टी त्यात बुडवून पिळली आणि अण्णांचे ओठ, हिरड्या, जीभ हळूहळू पुसलीत. अण्णांनी मिटक्या मारल्या. वर म्हणाले, "आद्रक नाही घातलं." तुम्ही हसलात आणि गॉज माझ्या हातात दिलीत. त्यानंतरचे चार दिवस मीच करत होतो.

आमच्याकडं म्हातारा बैल बसला, उठेना, तरी धनी त्याच्या तोंडाशी पाणी नेतो. पगारासाठी कुणी एवढं करत नाही, सिस्टर. घरच्यांनाही सुचलं नव्हतं.

धाकट्यानं आणलेली साडी तुम्ही घेतली नाहीत. द्यायचंच तर वॉर्डाला गॉजचे दोन बंडल द्या, म्हणालात. सोमवारी आणून ठेवलेत, कपाटात खालच्या फळीवर. सोबत गुळाची छोटी ढेप आहे.