तुझं दूध आटलं नव्हतं, आई

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

सध्या फोनवर धड बोलणंच होत नाही. मी ‘हॅलो’ म्हणते, मागून चिमीचा सूर लागतो, मग आई, तू विचारतेस, “पोट भरत नाहीये का गं तिचं?” आणि मी काहीतरी उडवाउडवीचं सांगून फोन ठेवते. म्हणून हे पत्र. मोबाइलवर, एका हाताने, जमेल तसं तुकड्यातुकड्याने लिहितेय. दुसऱ्या हातावर अर्थातच चिमी आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पोट भरतंय. फक्त तिला सध्या जास्त लागतंय, आणि ते जास्त यावं म्हणून तिची धडपड चाललीय.

सहावा आठवडा लागला आणि पोरीचं तंत्रच बदललं. दोन-अडीच तासांनी उठणारी ही बया आता अर्ध्या तासात पुन्हा तोंडाने दूध शोधायला लागते. संध्याकाळ झाली की तर विचारूच नका. ओढते, मध्येच सोडते, पाठ ताठ करते, लालबुंद होते आणि पुन्हा शोधते. शोधताना मान अशी जोरजोरात हलवते की नाक माझ्या गळ्याच्या हाडावर आपटतं, आणि त्याचाही राग माझ्यावरच! खांद्यावर गाढ झोपलेली असते. खाली ठेवली की डोळे टक्क उघडे.

याला ग्रोथ स्पर्ट म्हणतात, म्हणजे वाढीची झेप. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मग सहाव्याच्या सुमारास, मग तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात असे दिवस येतात. बाळं काही कॅलेंडर बघून वाढत नाहीत, त्यामुळे मागेपुढे होतंच. दोन-तीन दिवस चालतं, फार तर आठवडाभर. त्यातून सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं एकूण रडणंच सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे सगळा आरडाओरडा भुकेचाच असतो असंही नाही.

आता बाबा, तुमच्यासाठी यामागचं यंत्र. विहीर उपसली की झरे मोकळे होतात ना, तसंच हे. दूध जितकं निघतं तितकं नवं बनतं. ते आत साचून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो, छाती रिकामी होत गेली की वाढतो. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळून चालत नाही. चिमी हे जे सारखं सारखं लागतेय, ते उद्या-परवाचं दूध वाढवून घेणं आहे. तिला उपाशी ठेवलंय म्हणून नव्हे.

म्हणूनच आई, “एक बाटली देऊन तर बघ, शांत झोपेल” याला मी नाही म्हणते. झोपेल, हे अगदी खरं. पण तेवढा वेळ ती अंगावर ओढणार नाही, माझ्या शरीराला वाटेल एवढं पुरे झालं, आणि उद्या खरंच कमी पडायला लागेल. मग दुसरी बाटली. वरच्या दुधाशी माझं वैर नाही. वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर त्याच दिवशी देईन. पण केवळ रडते म्हणून नाही.

छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, असं मी म्हटल्यावर तू गप्प झालीस, ते मला कळलं. पण सहा आठवड्यांच्या सुमारास ती सैल वाटायला लागतेच. शरीराला बाळाचा अंदाज आलेला असतो. दूध कमी झाल्याची ती खूण नाही. दूध काढायच्या पंपाने थोडंसंच निघालं, तरी त्यावरून काही ठरत नाही. बाळ पंपापेक्षा हुशार असतं.

खरी खूण लंगोटात असते. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले, आणि शू फिकट. ते व्यवस्थित चालू आहे. जन्माचं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून आलं होतं, आणि आता दिवसाला वीस ते तीस ग्रॅमच्या हिशेबात वाढतेय. आकडे पाठवते बाबा, तुम्ही आलेख काढणार हे गृहीतच धरलंय. आणि हो, पाण्याचं विचारलं होतंत. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. सहा महिने वेगळं पाणी नको, उकाड्यातही नको. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते.

तरी एवढं लक्षात ठेवलंय: ओले लंगोट कमी झाले, शू गडद झाली, बाळ मलूल पडून दुधालाही उठेना किंवा ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर लगेच डॉक्टरकडे. तेव्हा विहीर आणि झरे सांगत बसणार नाही.

माझं म्हणाल तर दुखतं, खोटं कशाला बोलू. पण तिने तोंड मोठं उघडल्यावरच लावायचं, हनुवटी छातीला टेकलेली, आणि खालच्या बाजूचा काळसर भाग जास्त तोंडात जाईल असं धरायचं. नुसतं टोक तोंडात गेलं तर जीव जातो. ओढणं मंदावलं की छाती हलकेच दाबायची, मग बाजू बदलायची, मग पुन्हा पहिली. ती मुठी तोंडात घालायला, ओठ चाटायला लागली की लगेच घेते. रडायला लागल्यावर घेतलं तर आधी समजूत काढण्यातच वेळ जातो.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. आई, “माझं दूध तिसऱ्या महिन्यात आटलं” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. प्रत्येक वेळी तू ते जरा खाली बघून म्हणतेस. तूच सांगितलंयस, तेव्हा तुला घड्याळ लावून पाजायला लावलं होतं: तीन-चार तासांनी, दोन्ही बाजूंना मोजून दहा मिनिटं, मध्ये रडलं तर रडू द्यायचं. तिसऱ्या महिन्यात मी रडून घर डोक्यावर घेतलं आणि “दूध पातळ आहे, पुरत नाही” म्हणून पावडरच्या दुधाचा डबा सुरू केला.

तिसरा महिना, आई! हीच झेप. मी जास्त मागत होते आणि घड्याळ तुला देऊ देत नव्हतं. मग बाटली आली, उपसा आणखी कमी झाला, आणि थोड्या दिवसांत खरंच काही उरलं नाही. दूध पातळ म्हणशील तर बाईचं दूध दिसतं पातळच. गाईच्या दुधात प्रथिनं त्याच्या तिप्पट असतात, तिला वासरू वाढवायचं असतं. इतक्या वर्षांनी खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, पण मला वाटतं तुझ्यात काही कमी नव्हतं. सल्ला कमी पडला. तू सल्ला देणाऱ्यांचं ऐकलंस, कारण त्या वेळी ऐकायला तेवढंच होतं.

म्हणून पुढच्या वेळी “पोट भरतंय का” विचारू नकोस. तो प्रश्न तुला कुणीतरी विचारला होता, आणि तो किती लागतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? त्यापेक्षा मी जेवले का, झोपले का ते विचार. जावई ढेकर काढतात, लंगोट बदलतात, पहाटे तिला घेऊन येरझाऱ्या घालतात. पण दिवसा ते नसतात. बाबांचा गुडघा परवानगी देत असेल तर दोघं या. पाजून झालं की आजीने चिमीला खांद्यावर घ्यायचं, आजोबांनी लंगोट मोजायचे, आणि मी सलग दोन तास झोपणार. बाकी काही नको.

येण्याआधी फोन करा. फक्त संध्याकाळी सहा ते दहा सोडून.

तुमची,
ताई