आई, बंब मोडीत घालू नकोस

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवर बोलणं होतंच आपलं, पण आई दोन मिनिटांत "घे, बाबांशी बोल" म्हणते आणि बाबांना निम्मं ऐकू जात नाही, त्यात साडेदहा तासांचा फरक, तुमची झोपायची वेळ ती आमची ऑफिसची धावपळ. म्हणून म्हटलं यावेळी लिहूनच काढावं. दादाला मेल करतेय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. आज शाळेला बर्फाची सुट्टी आहे, पहाटे साडेपाचला मेसेज आला, पोरगा तो ऐकून परत झोपलाय आणि मी चहा घेऊन खिडकीशी बसलेय.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं की एवढा बर्फ तुमच्याच गावाला का. तर कॅनडाकडून कोरडा, गार वारा येतो आणि एरी सरोवरावरून जाताना खालच्या पाण्याची वाफ उचलतो, कारण पाणी त्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं, आणि किनारा लागला की ते सगळं आमच्या डोक्यावर ओततो. याला लेक इफेक्ट म्हणतात. पट्टा इतका अरुंद असतो की आमच्याकडे गुडघाभर आणि दहा-पंधरा मैलांवर स्वच्छ ऊन. २०१७ च्या ख्रिसमसला एरी शहरात एका दिवसात ३४ इंच पडला होता, आम्ही तेव्हा इथे नव्हतो पण शेजारचे आजोबा अजून तो दिवस हाताने उंची दाखवून सांगतात. हे सरोवर पाच मोठ्या सरोवरांत सगळ्यात उथळ, त्यामुळे लवकर गोठतं, आणि एकदा का गोठलं की वाफ बंद, बर्फ कमी. सगळे फेब्रुवारीची वाट बघतात ते यासाठी.

आई म्हणते थंडीत तुम्ही घरात बसून करता काय. अगं, कामं ऑक्टोबरपासूनच सुरू होतात. आधी पानं गोळा करायची, पोतीच्या पोती निघतात. मग बागेतला पाईप काढून बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करायचं, नाहीतर आत राहिलेलं पाणी गोठून नळ फुटतो. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायचा, खिडक्यांना प्लास्टिकचा पातळ कागद लावून हेअर ड्रायरने ताणून घ्यायचा, गाडीचे टायर बदलायचे, डिकीत फावडं, चादर, वाळूची पिशवी. आणि मीठ! पायऱ्यांवर टाकायचं मीठ पोत्याने आणतो, पण उणे दहाच्या खाली साधं मीठ काही उपयोगाचं नाही, त्याला वेगळं महागाचं लागतं. परवा रात्री उणे सोळा होतं तेव्हा स्वयंपाकघरातला नळ रात्रभर बारीक धारेने चालू ठेवला, पाणी वाहतं राहिलं की पाईप गोठत नाही, आणि मला सारखं वाटत होतं की आई आता उठून नळ बंद करणार.

मागच्या वर्षी मात्र आम्हाला फटका बसला, तुम्हाला काळजी नको म्हणून तेव्हा सांगितलं नव्हतं. घरातली ऊब माळ्यातून वर गेली की छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं, तिथे खाली घर नसतं म्हणून गार असतं, तिथेच गोठून बांध धरतो. मग मागून येणारं पाणी तटतं आणि छपरात शिरतं. बाहेरून फार सुंदर दिसत होतं, पागोळ्या गोठून माझ्या उंचीच्या झाल्या होत्या, पोरगा फोटो काढत होता आणि आत पॅसेजच्या छताला परातीएवढा डाग! ज्याने माळ्यावर इन्सुलेशन घातलं होतं त्याने नेमका तो एक कोपरा तसाच सोडला होता. यावर्षी तुमच्या जावयांनी स्वतः वर चढून तो भरला, आणि आता बर्फ थांबला की लांब दांड्याच्या दाताळ्याने वळचणीचा बर्फ ओढून काढतात. अजून तरी छत कोरडं आहे.

बाबा, द्राक्षांचं सांगायचं राहिलंच. आमच्याकडून वीस मिनिटांवर नॉर्थ ईस्ट नावाचं गाव आहे, तिथून पुढे सरोवराच्या काठाकाठाने सगळ्या द्राक्षाच्याच बागा, काँकॉर्ड जातीच्या, काळ्या, रसाच्या. वेल्च नावाच्या माणसाने १८९७ मध्ये पुढच्या वेस्टफील्ड गावात रसाचा कारखाना काढला तेव्हापासून हा पट्टा त्यावरच आहे. शनिवारी गेलो तर बर्फात उभी राहून माणसं छाटणी करत होती, हाताने, एकेक वेल. माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच निघून गेलेला असतो, त्यामुळे तुमच्यासारखं मणी तडकायचं भय नाही, वेल नुसती झोपलेली असते आणि उणे वीससुद्धा सोसते. यांना भीती असते ती वसंतातल्या हिमाची, कोवळे फुटवे जळतात. पण सरोवराचं पाणी सावकाश तापतं, त्यामुळे काठची हवा गार राहते आणि वेल उशिरा फुटते, तोपर्यंत हिमाचे दिवस टळलेले असतात. शरदात उलट, तेच पाणी सावकाश निवतं आणि फळाला ऊब देतं. मला एकदम तुम्ही आठवलात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा चार-पाचवर आला की रात्री उठून बागेत ड्रीप सोडायचात आणि बांधावर शेकोट्या लावायचात, आणि सकाळी स्वेटरला धुराचा वास यायचा.

आता आई, तुझ्याशी बोलायचंय, खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

त्याच शनिवारी आम्ही रूट २० ने जुन्या वस्तूंची दुकानं बघत गेलो. थंडीत इथे हा माझा आवडता उद्योग. एका मोठ्या इमारतीत चाळीस-पन्नास जणांचे गाळे असतात, मालक तिथे नसतात, वस्तूला चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर गाळ्याचा नंबर आणि किंमत, आणि पैसे सगळ्यांचे एकाच काउंटरला. मला बिडाचा तवा हवा होता. एरीत ग्रिसवोल्ड नावाचा कारखाना होता, १८६५ ला सुरू झालेला, बिडाची भांडी करायचे, १९५७ ला बंद पडला, पण त्यांची भांडी अजून घराघरांत आहेत, खाली वर्तुळात क्रूस आणि एरी असं नाव असतं. आठ नंबरचा मिळाला, गंजलेला होता म्हणून स्वस्तात. घरी आणून घासला, तेल पाजलं, अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवला तुझ्यासारखा, आणि काल त्यावर पहिलं धिरडं सुटलं, न फाटता! काठाला जाळी पडलेली बघून मी एकटीच हसत होते.

पण सांगायचं ते वेगळंच. तिथे एका कोपऱ्यात रशियन समोवार होता. एरीत जुने रशियन लोक राहतात, त्यांचं सोनेरी घुमटांचं चर्च आहे पाण्याकाठी, बहुतेक त्यांच्याच कुणाकडचा असेल. पितळी, पोट फुगीर, अंगावर छोटी छोटी पदकं कोरलेली, खाली चावीची तोटी आणि मधोमध वरपासून खालपर्यंत नळकांडं, तळाशी जाळी. पोरगा म्हणाला हे काय आहे, आणि मी म्हणाले, "हा बंब आहे रे, चहाचा. आजीकडे याच्या चौपट मोठा आहे, तांब्याचा, नळकांड्यात लाकडं घालायची आणि भोवतीच्या पाण्याने सगळ्या घराच्या आंघोळी." त्याने नळकांड्यात हात घातला तर बोटाला काजळी लागली. कुणीतरी त्यात शेवटचं पाणी तापवलं तेव्हाची ती काजळी, आणि चिठ्ठीवर २२५ डॉलर. मी काउंटरच्या बाईंना विचारलं कुणाकडचा होता, त्या म्हणाल्या माहीत नाही, म्हातारं माणूस गेलं की मुलं घर रिकामं करतात, सगळं एकत्रच येतं. शेजारच्या खोक्यात जुने फोटो होते, लग्नाचे, बारशाचे असतील तसे, एक डॉलरला एक, मागे नाव नाही. मला पुढे काही बघवेना.

आणि रविवारी तू फोनवर म्हणालीस की मोरीचं काम काढलंय, बंब गळतो, गीझर आहेच, मोडवाल्याला वजनावर देऊन टाकते.

आई, देऊ नकोस ना. त्याच्यावर आजीचं नाव घातलंय, ठिपक्याठिपक्यांनी, "चि. सौ. कां." पासून पूर्ण, खाली मामांकडून आणि साल. मी लहानपणी त्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचायला शिकले, दिवाळीच्या पहाटे तू उटणं लावत असताना, एका बाजूने शेकत आणि दुसऱ्या बाजूने कुडकुडत. गीझरच्या पाण्याला तो धुराचा वास नाही गं. गळत असेल तर फक्त बुडाची सांध सुटली असणार. नाशिकला भांडी बाजारात विचारलं तर झाळून देणारा तांबट नक्की मिळेल, दादाला सुट्टीच्या दिवशी गाडीतून न्यायला सांग, पैसे मी पाठवते. मोरीत जागा नसेल तर मागच्या पडवीत ठेव, तुळशीजवळ, चिंचेने घासूही नकोस, काळा राहू दे. आम्ही यंदा दिवाळीला येतोय, तिकिटं अजून काढायची आहेत पण येतोय, आणि नातवाला पहिली आंघोळ त्यातल्या पाण्याने घालायची. त्याने विचारूनही ठेवलंय की लाकडं कोण फोडणार.

संक्रांतीला तीळगूळ करतेय, इथे तीळ छोट्या बाटलीत मिळतात, मी इंडियन दुकानातून किलोभर आणलेत. बाबांनी कानटोपी घालूनच बागेत जावं. आणि भोगीच्या भाजीचा फोटो पाठव, बाजरीच्या भाकरीसकट.

बाहेर नांगरगाडीचा आवाज येतोय, रस्ता साफ होईल पण आमच्या दारासमोर बर्फाची भिंत करून जाईल, ती गोठायच्या आत फोडायला हवी. उठते.

तुमची,
सोनी

ता. क. बंबाच्या तोटीची चावी सापडत नाही म्हणालीस ना, माझ्या लाकडी कपाटात खालच्या खणात शिलाईचा पत्र्याचा डबा आहे, त्यात बघ. लग्न होऊन निघताना मीच ठेवली होती.