जयशंकर साहेब, अमेरिकेतला एकटा सिनेटर काय करू शकतो ते आमच्या तारापूरने बघितलंय

माननीय परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बोईसरची. बाबा टॅप्समध्ये, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रात शिफ्टला जायचे. १९८० सालचा सप्टेंबर मला अजून आठवतो कारण त्या महिन्यात घरात रेडिओवर बातम्या लागल्या की कोणी तोंड उघडायचं नाही असा नियमच झाला होता. मी चौथीत होते. अमेरिकेतून इंधन येणार का नाही, मोठी माणसं एवढंच बोलायची, आणि मी बाबांना विचारलेलं की अमेरिकेचा अध्यक्षच द्यायचं म्हणतोय तर मग अडलंय कुठे? बाबा म्हणाले, तिथल्या सिनेटमध्ये. मला काही कळलं नाही. पुढे मोठी झाल्यावर वाचत गेले तेव्हा कळलं, आणि आता अमेरिकेशी टॅरिफवरून जे चाललंय ते बघून परत परत तेच आठवतंय, म्हणून हे पत्र.

तुम्हाला हा इतिहास माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहितीय. पण हे उघड पत्र आहे, बाकीचे लोकपण वाचतील, म्हणून थोडं सांगते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधून दिल्या, १९६९ ला वीज सुरू झाली, आणि १९६३ च्या करारात लिहिलेलं की इंधन अमेरिका देणार, तीस वर्षं. मग १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला आणि वॉशिंग्टनमध्ये हवा फिरली. १९७८ साली त्यांच्या संसदेने कायदा केला की ज्या देशाची सगळीच्या सगळी अणुकेंद्रं तपासणीला खुली नाहीत त्याला इंधन मिळणार नाही. कायद्यावर सही जिमी कार्टर यांचीच. पण तो कायदा घडवण्यात ज्यांचा हात सगळ्यात मोठा होता ते ओहायोचे सिनेटर जॉन ग्लेन, म्हणजे १९६२ साली पृथ्वीभोवती फिरून आलेले पहिले अमेरिकन अंतराळवीर, तेच. आणि ते कार्टर यांच्याच पक्षाचे.

आता बघा १९८० मध्ये काय झालं. आदल्या डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसलेल्या, जानेवारीत इंदिराबाई परत पंतप्रधान झालेल्या, आणि कार्टर यांना भारत पूर्णपणे मॉस्कोकडे जायला नको होता, म्हणून त्यांनी ठरवलं की तारापूरचं अडकलेलं सुमारे ३८ टन इंधन पाठवायचं. तिथल्या अणुनियामक आयोगाने मे महिन्यात एकमताने नकार दिला. अध्यक्षांनी जूनमध्ये स्वतःच्या अधिकारात तो नकार बाजूला सारला. मग विषय गेला संसदेकडे, कारण दोन्ही सभागृहांनी, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट दोघांनीही, विरोध केला असता तर अध्यक्षांचा हुकूम रद्द झाला असता. १८ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने कार्टर यांच्या विरोधात मतदान केलं, २९८ विरुद्ध ९८, आणि त्या सभागृहात बहुमत अध्यक्षांच्याच पक्षाचं होतं! सिनेटमध्ये विरोधाची धुरा ग्लेन यांच्याकडे. २४ सप्टेंबरला तिथे मतदान झालं ४८ विरुद्ध ४६. दोन मतांनी अध्यक्ष वाचले. आमच्या कॉलनीत त्या रात्री लोक उशिरापर्यंत अंगणात उभे राहून बोलत होते हे मला आठवतं, पेढे वगैरे नाही वाटले कोणी, सगळे नुसते सुटल्यासारखे वाटत होते.

आणि तरीपण ते जिंकणं फार टिकलं नाही. ती रस्सीखेच परत परत करायची ताकद अमेरिकेच्या कुठल्याच अध्यक्षात नव्हती, त्यामुळे १९८२ मध्ये इंदिराबाई आणि रेगन यांनी तोडगा काढला की यापुढे इंधन फ्रान्स देईल. नंतर चीनकडून घेतलं, मग रशियाकडून. अमेरिकेने बांधलेल्या केंद्राला चीनने इंधन द्यायचं ही वेळ आली, कारण वॉशिंग्टनमध्ये काही खासदारांना आपलं म्हणणं कोणी वेळेत पटवून दिलं नाही. मी ग्लेन यांना वाईट म्हणत नाही हां. त्यांना अण्वस्त्रं पसरण्याची खरोखर भीती वाटायची आणि आयुष्यभर ते त्या एका गोष्टीला धरून राहिले, असा माणूस मला आदराचाच वाटतो. पण असा माणूस अध्यक्षाच्या फोनने बदलत नाही, आणि आपल्या पंतप्रधानांनी अध्यक्षांशी हात मिळवल्याने तर अजिबातच नाही.

याच ग्लेन यांचं नाव १९९८ मध्ये परत आलं. ११ आणि १३ मेच्या चाचण्यांनंतर क्लिंटन यांनी आपल्यावर निर्बंध लावले ते ग्लेन यांच्या १९९४ च्या दुरुस्तीखाली, आणि त्या दुरुस्तीत अध्यक्षाला सूट द्यायची सोयच ठेवलेली नव्हती, म्हणजे क्लिंटन यांच्या मनात काही असतं तरी हात बांधलेले. ते हात कोणी सोडवले? दुसऱ्या खासदारांनी! आधी तिथल्या गहू पिकवणाऱ्या राज्यांचे सिनेटर जागे झाले, कारण पाकिस्तानला जाणारा गहू अडकत होता, आणि जुलैमध्ये शेतमालाला सूट देणारं विधेयक सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्यने पास झालं. मग कॅन्ससचे सॅम ब्राउनबॅक यांनी अध्यक्षाला निर्बंध उठवायचा अधिकार देणारी दुरुस्ती आणली. एका सिनेटरने मारलेली गाठ दुसऱ्या सिनेटरने सोडवली, आणि मधला अध्यक्ष आपला बघत बसलेला.

२००५ ते २००७ तुम्ही स्वतः मंत्रालयात अमेरिका विभागाचे प्रमुख होतात, अणुकराराच्या वाटाघाटीत होतात, तेव्हा तर हे सगळं तुम्ही रोज अनुभवलं असणार. २००६ च्या हाइड कायद्यात, म्हणजे या करारासाठी तिथल्या संसदेने केलेल्या कायद्यात, इलिनॉयचे एक नवखे सिनेटर एक कलम घालून गेले की भारताला इंधनाचा साठा मिळेल तो अणुभट्ट्यांच्या वाजवी गरजेपुरताच. त्यांचं नाव बराक ओबामा. तारापूरसारखं परत होऊ नये म्हणून आपल्याला जास्तीचा साठा हवा होता, आणि बरोबर तिथेच त्यांनी बोट ठेवलं. दोन वर्षांनी तोच माणूस अध्यक्ष म्हणून निवडून आला. शेवटी २००८ च्या सप्टेंबरात प्रतिनिधीगृहात करार पास झाला तो आकडा बघा, २९८ विरुद्ध ११७. तोच २९८! अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच सभागृहात एवढीच मतं आपल्या विरोधात पडली होती. हा योगायोग आहे हे मला कळतं, पण तो आकडा वाचला तेव्हा मी बाबांना लगेच फोन लावला होता. ही मतं आपोआप इकडची तिकडे झाली नाहीत, तिथल्या भारतीयांनी मतदारसंघांत जाऊन एकेका खासदाराला गाठलं, आपल्या वकिलातीने एकेका ऑफिसची दारं ठोठावली, तेव्हा झाली.

म्हणून मला २०१९ च्या डिसेंबरबद्दल तुमच्याशी स्पष्ट बोलायचंय.

तुम्ही वॉशिंग्टनला होतात, प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीच्या लोकांशी बैठक ठरलेली होती, आणि त्यात तिथल्या खासदार प्रमिला जयपाल असणार म्हणून ती बैठक झाली नाही. त्यांनी काश्मीरमधली इंटरनेट आणि फोनबंदी उठवावी असा ठराव आणला होता. तुम्ही नंतर पत्रकारांना सांगितलंत की तो ठराव परिस्थितीचं योग्य वर्णन करत नाही आणि त्यांना भेटण्यात तुम्हाला रस नाही. साहेब, तो ठराव चुकीचा होता असं तुम्हाला वाटत असेल तर मग तीच भेट सगळ्यात महत्त्वाची होती ना. चेन्नईत जन्मलेली बाई, सिएटलमधून निवडून आलेली, तिच्यासमोर अर्धा तास बसून तुमच्यासारखा माणूस बोलला असता तर ती कदाचित तसूभरही हलली नसती, मान्य, पण तिच्या बाजूला बसलेले बाकीचे हलले असते. झालं उलटंच, तो ठराव काही पास झाला नाही पण न झालेल्या बैठकीची बातमी जगभर झाली, कमला हॅरिस यांनी जाहीरपणे जयपाल यांची बाजू घेतली, आणि वर्षभरात त्या उपाध्यक्षपदावर निवडून आल्या.

आपल्याकडे एक समज आहे की खासदार म्हणजे व्हिप आला की हात वर करणारा. पक्षांतरबंदीमुळे इथे ते खरंही आहे. त्यामुळे अमेरिकेचा अध्यक्ष एकदा हो म्हणाला की काम झालं असं आपण सगळेच धरून चालतो, आणि ट्रम्प आले तेव्हाची अहमदाबादच्या स्टेडियममधली गर्दी बघून तर आणखीच. पण तिथला सिनेटर ना अध्यक्षाचं खातो ना पक्षाचं, त्याला त्याचं राज्य निवडून देतं, सहा-सहा वर्षांसाठी. आणि सिनेटचं रोजचं काम चालतं सगळ्यांच्या संमतीने, त्यामुळे एकाने जरी 'माझी हरकत आहे' म्हटलं तरी नेमणूक लटकते, मग ती मतदानाला आणायला इतका वेळ घालवावा लागतो की नेते टाळतात. याला तिथे होल्ड म्हणतात. २०२३ मध्ये अलाबामाच्या टॉमी ट्युबरव्हिल यांनी या एका शस्त्रावर ४०० च्या वर लष्करी अधिकाऱ्यांच्या बढत्या कित्येक महिने अडवल्या. सिनेटर जेसी हेल्म्स यांनी तर १९९७ ला, सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष असताना, स्वतःच्याच पक्षाच्या विल्यम वेल्ड यांना मेक्सिकोचे राजदूत होऊ दिलं नाही, सुनावणीच लावली नाही.

आपल्यालाही बसलाय हा फटका. २०२१ च्या जानेवारीपासून दिल्लीत अमेरिकेचा राजदूत नव्हता. बायडन यांनी जुलैमध्ये एरिक गारसेटी यांचं नाव दिलं, पण लॉस एंजेलिसचे महापौर असताना त्यांच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यावर झालेल्या आरोपांबद्दल त्यांना काय माहीत होतं यावरून आयोवाचे सिनेटर चक ग्रासली आणि इतर काहींनी ते अडवून धरलं. गारसेटी यांनी माहीत असल्याचं नाकारलं. मंजुरी आली १५ मार्च २०२३ ला, ५२ विरुद्ध ४२. सव्वादोन वर्षं! कोविडची दुसरी लाट, अफगाणिस्तानातून माघार, युक्रेनचं युद्ध, हे सगळं त्या मधल्या काळात घडलं आणि दिल्लीतली ती खुर्ची रिकामी. ग्रासली यांचा भारताशी काही वाद नव्हता, आपण त्यांच्या हिशोबात कुठे नव्हतोच, आणि मला हेच जास्त खटकतं. दिल्लीत राजदूत नसल्याने भारताची किती अडचण होतेय हे त्यांना जाऊन कोणी सांगितलं होतं का?

आणि आता सिनेटर लिंडसी ग्रॅहम. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी विधेयक आणलं की रशियाचं तेल घेणाऱ्यांवर ५०० टक्के टॅरिफ, आणि ऐंशीच्या वर सिनेटर सह्या करून मोकळे. ते ट्रम्प यांच्या जवळचे, तरी व्हाइट हाऊसलाही ते विधेयक जसंच्या तसं नको होतं, सूट द्यायचा अधिकार अध्यक्षाच्या हातात राहावा म्हणून खेचाखेची चालली. तुम्ही जुलैमध्ये वॉशिंग्टनला सांगितलंत की आपले राजदूत ग्रॅहम यांच्या संपर्कात आहेत, ऊर्जेची आपली गरज त्यांना सांगितली आहे, आणि पूल आला की ओलांडू, म्हणजे वेळ आली की बघू. हे ऐकून मला बरं वाटलं, खरंच, कारण अध्यक्ष सोडून सिनेटरशी बोलतोय हे तुम्ही उघडपणे म्हणालात. पण तोपर्यंत ऐंशी सह्या झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये तेलाच्याच कारणाने अध्यक्षांनी स्वतःच्या हुकमाने २५ टक्के वाढवले, एकूण झाले ५०. सीप्झमधले दागिने बनवणारे, आमच्या तारापूर एमआयडीसीतले केमिकल आणि कापडवाले, ज्यांची ज्यांची ऑर्डर तिकडे जाते त्यांना विचारा ते दिवस कसे गेले.

त्याच सिनेटमध्ये केंटकीचे रँड पॉल बसतात, ट्रम्प यांच्याच पक्षाचे, आणि टॅरिफ हा जनतेवरचा कर आहे, तो लावायचा अधिकार संसदेचा, असं सतत बोलतात. २ एप्रिल २०२५ ला कॅनडावरच्या टॅरिफविरोधात सिनेटने ५१ विरुद्ध ४८ ने ठराव केला तेव्हा ते आणि आणखी तीन रिपब्लिकन अध्यक्षांच्या विरोधात गेले. प्रतिनिधीगृहात तो पुढे गेला नाही ते सोडा. माझा मुद्दा असा की अडवणारा एकटा खासदार आपल्याला कळतो, कारण त्याची बातमी होते, पण अध्यक्षाला रोखू शकणारा असा खासदार आपल्याला उपयोगी पडू शकतो, त्याच्याशी आपलं कोण बोलतंय?

तिथे भारतीय वंशाचे खासदार आहेत ना, असं लोक म्हणतात. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून आले याचा मला मराठी म्हणून अभिमान आहे. पण ते डेट्रॉइटचे खासदार आहेत, आपला वकील म्हणून त्यांना तिथल्या लोकांनी पाठवलेलं नाही. त्यांच्यावर आपलं ओझं टाकणं बरोबर नाही, ते काम आपल्या सरकारचं.

मागणं मोठं नाही. वकिलातीत संसदेचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांची संख्या वाढवा, आणि त्यांना तीन वर्षांत बदलून टाकू नका, कारण ग्रासली १९८१ पासून त्या सिनेटमध्ये बसलेत, तिथे ओळख व्हायलाच वर्षं जातात. कॅन्सस, आयोवा, ओहायो, केंटकी इथे जा, नुसतं न्यूयॉर्क आणि ह्यूस्टनच्या मेळाव्यांना नको. आणि पुढच्या खेपेला जयपाल यांचं नाव यादीत असेल तर कृपा करून बैठक रद्द करू नका. तुम्ही बोललेलं लोक ऐकतात, विरोधकही ऐकतात, तो तुमचा गुण आहे.

हे पत्र काल रात्री बाबांना वाचून दाखवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं त्यामुळे मोठ्याने वाचावं लागलं. ग्लेन यांच्याबद्दल चांगलं लिहिलंय ते काढू नकोस म्हणाले, आणि ४८ विरुद्ध ४६ हा आकडा बरोबर आहे का ते मला दोनदा विचारलं.

आपली नम्र,
बोईसरची एक नागरिक