सूचना : माल पाठवण्यापूर्वी सॉफ्टवेअरची यादी तपासा

सर्व सभासदांना नमस्कार,

राउटर, कॅमेरा, मीटर अशी उपकरणं बनवणाऱ्यांनी ही सूचना जरूर वाचावी. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, आपण लिहिलेलं नसतं, चिपवाल्याकडून आयतं येतं. पण डब्यावर नाव आपलं, म्हणून त्यातल्या ओपन सोर्स (खुल्या) सॉफ्टवेअरच्या परवान्यांच्या अटी पाळायची जबाबदारीही आपलीच. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचं आठवा. २००३ मध्ये सिस्कोनं लिंकसिस विकत घेतली आणि पुरवठादारांच्या साखळीतून आलेल्या लिनक्सच्या कोडचं लोढणं गळ्यात पडलं. लिनक्सच्या परवान्यानुसार सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला करावाच लागला.

प्रत्येक पुरवठादाराकडून सॉफ्टवेअरमधल्या घटकांची आणि त्यांच्या परवान्यांची यादी एसपीडीएक्स या ठरावीक स्वरूपात मागा. ‘सगळं ओपन सोर्सच आहे, काळजी नको’ हे उत्तर चालवून घेऊ नका. काळजी नेमकी तिथंच आहे. जीपीएल आवृत्ती २ (लिनक्सचा परवाना) खालचा कोड असेल तर संपूर्ण सोर्स, बिल्ड स्क्रिप्टसह (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सूचनांसह), सोबत द्या किंवा तो मागणाऱ्याला देण्याची, किमान ३ वर्षं वैध असलेली लेखी हमी द्या. एमआयटी, बीएसडी परवाने सोपे, तरी कॉपीराइटची ओळ काढू नका.

कामाची पद्धत बसवायला आयएसओ/आयईसी ५२३० हे ओपन सोर्स परवान्यांच्या पालनाचं मानक वापरा. स्वयंघोषणेनंही सुरुवात करता येते, लगेच ऑडिटचा खर्च नको.

जुन्या मालाच्या याद्याही काढून ठेवा.

— सचिव