ससूनवाले डेव्हिड ससून पुण्यातच आहेत

संपादक साहेब, रिक्षावाल्याला "ससूनला घ्या" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहितीच नसतं की ज्यांच्या देणगीमुळे हॉस्पिटलला हे नाव मिळालं ते डेव्हिड ससून इथे कॅम्पातच, लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) आवारात दफन आहेत. मूळचे बगदादचे ज्यू, मुंबईत येऊन व्यापारात गडगंज झाले (अफूचा पैसाही त्यात होता, ते झाकायचं कशाला), 1864 मध्ये पुण्यातच वारले. ओहेल डेव्हिड सिनेगॉग त्यांनीच बांधायला घेतलं होतं, पण ते पूर्ण झालं 1867 ला, म्हणजे त्यांच्या मागे. लाल विटा, वर घड्याळाचा उंच मनोरा, चर्चच वाटावं असं, आणि शेजारी त्यांची वेगळी बांधलेली कबर.

सिक्युरिटीमुळे आत सहज सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. पण निदान बाहेर फुटपाथवर मराठीत एक ठळक बोर्ड लावा ना, आणि वर्षातून एखादा दिवस परवानगी घेऊन शाळेच्या पोरांना दाखवा. शनिवारवाडा काय, सगळेच बघतात.

– एक वाचक, पुणे कॅम्प