पोकळ ठिपक्याबद्दल आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

कॉलेज रोडवरच्या तुमच्या झेरॉक्सच्या दुकानात परवा गेले, तर तिथे मोबाईलची कव्हरं लटकत होती. शेजारच्या रसवंतीवाल्यांनाही तुमचा नवा पत्ता ठाऊक नाही. म्हणून हे उघड पत्र.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि आता सगळं इंग्रजीतून. 'डोमेन' म्हणजे प्रांत, क्ष च्या जागी ज्या संख्या घालता येतात त्यांचा संच; या शब्दापाशी गाडी अडलेली. मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स काढायला दिली, त्यात माझा चाचणीचा पेपरही आला. लाल फुली बघून तुम्ही विचारलंत, "ताई, हे का चुकलं, कळलं का?" मला रडूच आलं.

तुम्ही एक वाया गेलेला कागद उलटा केलात. अंशात क्ष² − ९, छेदात क्ष² − ५क्ष + ६. अवयव पाडले: वर (क्ष − ३)(क्ष + ३), खाली (क्ष − २)(क्ष − ३). मी क्ष − ३ ची काटाकाटी करून मोकळी झाले होते आणि प्रांतातून फक्त २ वगळले होते.

"काटाकाटी नंतर. आधी छेद शून्य कधी होतो ते बघायचं. ३ घालून बघ."

वर शून्य, खालीही शून्य. भागाकार होतच नाही. म्हणजे २ आणि ३ दोन्ही बाहेर! मग −३ चं काय, मी घाबरत विचारलं. तिथे अंश शून्य, पण छेद ३०; उत्तर सरळ शून्य, ती संख्या प्रांतात राहते. आणि छेदात क्ष² + ४ असता तर एकही वास्तव संख्या वगळावी लागली नसती, हेही तुम्हीच सांगितलंत.

शेवटी आलेख काढलात. २ पाशी उभी तुटक रेषा, वक्र तिच्या जवळ जातो पण कधीच टेकत नाही. आणि (३, ६) वर एक पोकळ ठिपका. "इथे दरी आहे, इथे नुसतं भोक," तुम्ही म्हणालात. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. पैसेही घेतले नाहीत.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटल्याचं पुढे वाचलं, तेव्हाही तुम्हीच आठवलात.

आता मी बी.एस्सी. गणित करते. संध्याकाळी सिडकोत आमच्या गल्लीतली चार मुलं शिकायला येतात. तो कागद त्यांना दाखवते. त्याच्या मागे कुणाच्या तरी सातबाऱ्याची अर्धवट झेरॉक्स आहे.

दुकान कुठे हलवलंत ते कळवा, दादा. पेढे घेऊन यायचंय.

तुमची,
लाल फुलीवाली ताई