बाबांच्या बंद झालेल्या अंड्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

आई म्हणाली, बाबांनी अंडी सोडली. रविवारी तांबडा-पांढरा वाटीभर पितात, पण मटणाचे पीस परत पातेल्यात जातात. प्रथिनांनी पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, असं कुठंतरी वाचलंय म्हणे. फोनवर हे धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, वाचलंत त्यात तथ्य आहे. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली छोटी वीजघरं, ऊर्जा तयार करताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून बनणारे रेणू मायटोकॉन्ड्रियाच्याच डीएनएला इजा करतात. 1993 मध्ये अमेरिकेत ओरेंट्राइख यांच्या गटाने उंदरांच्या खाण्यातलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) 0.86 टक्क्यांवरून 0.17 वर आणलं, तर ते सुमारे 30 टक्के जास्त जगले. पुढे माद्रिदच्या गुस्ताव्हो बार्हा यांच्या गटाला दिसलं, की मेथिओनिन घटवलं की ही गळती कमी होते. बाकीची अमिनो आम्लं घटवून मात्र तसं झालं नाही! मग सगळ्याच प्रथिनांवर राग कशाला?

शिवाय ते उंदीर कोवळे होते आणि त्यांची वाढही खुंटली होती. तुम्ही सत्तरी ओलांडलीत. 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात 50 ते 65 वयात जास्त प्रथिनं खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले, पण 65 नंतर चित्र उलटं होतं. या वयात स्नायू झपाट्याने झडतात. दिवाळीत पायरीवरून उठताना तुम्ही दाराची चौकट धरत होता, ते मी पाहिलंय. मला धास्ती त्याची आहे.

तज्ज्ञ साठीनंतर, पासष्टीनंतर तर नक्कीच, किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. तुमचं वजन 60 किलो, म्हणजे किमान 60 ग्रॅम. एका अंड्यात सहाच असतात. मटण कमी केलंत तर माझी हरकत नाही. मटकी, मसूर, हरभऱ्यात मेथिओनिन तसंही कमी असतं, ते वाढवा. पण अंडं आणि दूध सोडू नका, आणि रंकाळ्यावरची फेरीही चुकवू नका. व्यायामाशिवाय नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत.

किडनीचं दुखणं असेल तर हा हिशेब बदलतो. आई, या आठवड्यात बाबांची क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी, रक्ततपासणी करून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. तो नॉर्मल आला की दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंडं सुरू.

तुमची,
ताई